बेलचे सेल काढले त्या घराची गोष्ट: ऑटिझमच्या निदानानंतरचं दीड वर्ष

मी स्पेशल एज्युकेटर आहे, लहान मुलांबरोबर काम करते. हे प्रकरण आईबाबांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत आणि नाव कुणाचंच घेत नाही. ह्यात चमत्कार वगैरे काही नाहीये, आणि सगळ्यात मोठी चूक माझीच आहे, तीही लिहिणार आहे.

मुलगा तेव्हा २ वर्षं १० महिन्यांचा. घरात आई, बाबा, सात वर्षांची ताई आणि आजी. दीड वर्षाचा होईपर्यंत त्याचे आठ-दहा शब्द होते, मग एकेक करत ते गेले, आणि कधी गेले हे कुणाला नीट सांगताच येईना कारण शब्द जाताना आवाज होत नाही, महिनाभराने लक्षात येतं की अरे हा 'बाबा' म्हणायचा बंद झालाय. हाक मारली तर वळायचा नाही, पण दुसऱ्या खोलीत मोबाइल अनलॉक केला की धावत यायचा. तरीही डॉक्टरांनी आधी कानाची टेस्ट करायला लावली आणि ते बरोबरच होतं, 'ऐकू येतंय की हो त्याला' असं आपल्याला वाटून चालत नाही, काही आवाज येत असतात आणि काही नसतात. कान ठीक निघाले. काहीही हवं असलं की आईचं मनगट धरायचा आणि तिचा हात त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा, तोंडाकडे न बघता. आई म्हणायची, मी माणूस नाही, मी त्याचा चिमटा आहे.

ऑटिझमच्या निदानाचा रिपोर्ट चार पानांचा होता. त्यात लेव्हल २ लिहिलेलं. आजीने विचारलं, दुसरी स्टेज म्हणजे वाढलंय का गं? हा गैरसमज मी इतक्या घरांमध्ये ऐकलाय की इथे थांबून सांगते. २०१३ साली डीएसएम-५, म्हणजे मानसिक आणि विकासाच्या अडचणींच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, आलं तेव्हा ॲस्पर्गर वगैरे वेगवेगळी नावं जाऊन सगळं एकाच छत्रीखाली आलं आणि लेव्हल १, २, ३ आल्या, पण ह्या लेव्हल म्हणजे मुलाला आत्ता किती आधार लागतो एवढंच. आजाराच्या पायऱ्या नाहीत त्या. आणि पाच वर्षांनी हा मुलगा कुठे असेल ते त्यावरून कुणीही सांगू शकत नाही.

आता पुढचे सहा आठवडे. बाबा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर, चाळीसेक टॅब उघडे, सकाळी डोळे लाल. आई नोकरी सोडायच्या बेतात. 'लवकर सुरू करा, वेळ घालवू नका' हे सगळ्यांनी सांगितलेलं, आणि ते खरंच आहे, पण त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला की जेवढं जास्त तेवढं चांगलं, आणि तीन सेंटरमध्ये मिळून आठवड्याला सात सेशन लावली. मुलगा गाडीत झोपायचा, सेशनमध्ये रडायचा, रात्री एक वाजता टक्क जागा. ताईचा गृहपाठ कुणी बघत नव्हतं. आजी म्हणत होती, ह्याचा काका पण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, उगाच पोराला पळवताय.

माझ्याकडे आले तेव्हा आईने पहिला प्रश्न काय विचारला असेल? मी मोबाइल दाखवून भरवायचे म्हणून झालं का? दुसरा, लसीने झालं का? तर मोबाइलने ऑटिझम होत नाही, फार तर आपसात बोलण्या-खेळण्याचा वेळ खाल्ला जातो, तो कमी करू. लसीची भानगड सुरू झाली १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या एका पेपरने, तो पेपर छापणाऱ्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला, आणि २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांवर मुलांची माहिती तपासून झाली, संबंध सापडला नाही. आणि त्याच्याही आधी एक काळ असा होता की डॉक्टर लोकच म्हणायचे आई प्रेमळ नाही म्हणून मूल असं झालं, बर्फासारखी आई, असली थिअरी होती, ती कधीच मोडीत निघालीय पण आया ती अजून आपापल्या डोक्यात घेऊन फिरतात. ह्यातलं सगळं मी त्या दिवशी सांगितलं आणि ती मान हलवत राहिली, पटलं असं मला वाटत नाही. अपराधी वाटणं माहितीने जात नाही बहुतेक.

आणि मग मी माझी चूक केली. होम प्रोग्राम दिला. चौदा ॲक्टिव्हिटी, रंगीत तक्ता, सकाळी अमुक संध्याकाळी तमुक, मणी ओवणे, रंग ओळखणे, डोळ्यात बघायला शिकवणे, सगळं. मला स्वतःला तो तक्ता फार आवडला होता. तीन आठवड्यांनी आई आली, तक्ता पाचव्या दिवसापासून कोरा, आणि म्हणाली, "मॅडम, मी घरी त्याची आई राहिलेच नाहीये, टीचर झालेय, तो मला बघून पलंगाखाली जातो." मी तो कागद परत घेतला. डोळ्यात बघायला जबरदस्तीने शिकवणं तर मी आता कुणालाच सांगत नाही, ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः सांगतात की डोळ्यात बघायचं की समोरचा काय बोलतोय ते ऐकायचं, दोन्ही एका वेळी जमत नाही.

तक्त्याऐवजी एक साधी वही दिली. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे काही सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. वही मुद्दाम बाबांच्या हातात दिली, आईला झोपेची गरज होती आणि बाबांना रात्री दोन वाजता करायला दुसरं काहीतरी काम हवं होतं.

घरातला सगळ्यात मोठा त्रास म्हणजे संध्याकाळचा मेल्टडाऊन, म्हणजे सहन होईनासं होऊन मूल पार कोसळतं ते. रोज साडेसहा-सातला, बाबा ऑफिसातून आले की हा जमिनीवर, डोकं फरशीवर, वीस मिनिटं, कधी चाळीस. घरात सगळ्यांचं एकमत होतं की बाबा आले की लाडात येतो, अटेन्शनसाठी करतो. बाबा तर मनातून खूप दुखावलेले, मला बघून माझा मुलगा असा करतो म्हणजे काय. वहीत पहिल्या आठवड्यात तेच दिसलं, बाबा आले, डोकं आपटलं, उचलून घेतलं. पण रविवारी बाबा दिवसभर घरी, काही नाही. दुसऱ्या रविवारी दुपारी कुरियरवाला आला आणि तोच प्रकार, जसाच्या तसा. बाबांनी ते लिहिलं, आणि मग मागची पानं उलटून बघितली, आणि मला रात्री मेसेज, "बेल आहे, बेल."

त्यांची बेल ती ट्यून वाजवणारी, सेलवर चालणारी, मोठ्याने आणि मध्येच चिरकणारी. बाबांनी त्याच रात्री दोन्ही सेल काढून ड्रॉवरमध्ये टाकले. दुसऱ्या दिवसापासून खाली पोचले की आईला मिस कॉल, आई दार उघडणार. चार-पाच दिवसांत संध्याकाळचं डोकं आपटणं जवळजवळ थांबलं. बाबा आत येऊन चपला काढेपर्यंत हा येऊन त्यांच्या बॅगची चेन उघड-बंद करायचा. ते त्याचं 'आलात का' होतं, इतके दिवस बेलच्या आवाजाखाली दबून गेलेलं.

हट्ट आणि मेल्टडाऊन ह्यातला फरक मी एका वाक्यात सांगायची, हट्टाला काहीतरी हवं असतं, मेल्टडाऊनला काहीतरी नको असतं. आता वाटतं हे जरा जास्तच सोपं केलंय, दोन्ही मिसळलेलं असतं बऱ्याचदा. पण आवाज, उजेड, स्पर्श, कपड्याचं लेबल ह्यांचा त्रास होणं हा नखरा नाही, डीएसएम-५ मध्ये निदानाच्या निकषांतच ते आहे. प्रत्येक मुलाची 'बेल' वेगळी असते एवढंच. आणि उलटही असतं, हा मुलगा आवाजाला हळवा पण गुडघा फुटला तरी रडायचा नाही.

वहीतून अजून एक गोष्ट निघाली. रात्री जागं राहायचे दिवस आणि पोट साफ न झालेले दिवस, हे एकाखाली एक लिहिल्यावर आईलाच दिसलं. बोलता न येणारं मूल 'पोट दुखतंय' म्हणू शकत नाही, ते चावतं, ओरडतं, झोपत नाही, आणि आपण म्हणतो ऑटिझममुळे. बालरोगतज्ज्ञांनी बद्धकोष्ठतेवर उपचार केले, झोप पूर्ण नाही पण बरीच सुधारली. वागणं अचानक बदललं की आधी दात, कान, पोट बघून घ्या असं मी सगळ्यांना सांगते. फिट्सचं प्रमाणही ह्या मुलांमध्ये जास्त असतं, त्यामुळे मूल मध्येच काही सेकंद हरवल्यासारखं होत असेल तर मोबाइलवर शूट करून डॉक्टरांना दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा ते लाख पटीने उपयोगी.

मग आलं बोलणं. आईबाबांना बोलणं हवं होतं, साहजिक आहे. मी म्हटलं आधी मागणं. तोंडाने नाही तर चित्राने. बाबा एकदम बिथरले, चित्राची सवय लागली तर तो बोलेल कशाला? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाबा विचारतात. ह्यावर जे अभ्यास झालेत त्यात चित्रं किंवा टॅबमुळे बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही, काही मुलांमध्ये थोडं वाढतंच. चित्र देऊन वस्तू घ्यायची ही पद्धत, पेक्स, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट ह्या दोघांनी १९८५ मध्ये आणली, आणि तिची पहिली पायरी घरी करता येते पण माणसं दोन लागतात, हे बरेच जण चुकवतात. एकजण समोर वस्तू घेऊन, दुसरा मुलाच्या मागे. मुलाने हात पुढे केला की मागच्याने काही न बोलता त्याचा हात चित्राकडे नेऊन ते समोरच्याच्या हातात द्यायला लावायचं, आणि समोरच्याने त्या क्षणी वस्तू द्यायची. 'काय हवं? बोल, बोल ना' असलं काही नाही. आणि मागच्याने मदत हळूहळू कमी करत जायची.

त्याचं वेड होतं साबणाच्या फुग्यांचं. आई समोर बाटली घेऊन, बाबा मागे, रोज दोनदा पाच-पाच मिनिटं. पहिले आठ-नऊ दिवस काहीच नाही, चित्र चुरगाळायचा, चावायचा, म्हणून बाबांनी लॅमिनेट करून आणलं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी बाबा बाथरूममध्ये दाढी करत होते, दार ढकलून हा आत आला आणि फुग्यांचं चित्र त्यांच्या मांडीला लावून उभा राहिला. बाबांच्या अर्ध्या गालावर फेस. सराव सगळा आईसमोर झालेला, बाबा कायम पाठीमागे, आणि तरी तो बाबांना शोधत दुसऱ्या खोलीत गेला होता. त्या सकाळी बाबा ऑफिसला तासभर उशिरा पोचले.

ह्याच सुमाराला मी आईला म्हटलं, खेळताना तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, मला पाठवू नका, आपण एकत्र बघू. बघितला. तीन मिनिटांत आईने एकतीस प्रश्न विचारले होते. हे काय आहे? कुठला रंग? गाडी कशी करते? तो तिच्याकडे दोनदाच बघतो, आणि दोन्ही वेळा ती गप्प असते. मी काहीच बोलले नाही, व्हिडिओ तिथेच थांबवला फक्त. ती म्हणाली, अरे देवा, मी परीक्षाच घेतेय. त्यानंतर तिने एवढंच केलं, तो जे करतोय त्याच्या बाजूला बसून तेच करायचं, कमी बोलायचं, आणि त्याने जरा जरी वळून बघितलं, आवाज केला की लगेच प्रतिसाद द्यायचा. तो चाक फिरवतोय तर आपणही चाक फिरवा, गाडी कशी चालवायची ते शिकवू नका. ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये पॅक्ट नावाची थेरपी ह्याच तत्त्वावर आहे, आईबाबांना त्यांचाच व्हिडिओ दाखवून शिकवतात. २०१० मध्ये १५२ मुलांवर तिची चाचणी छापून आली, तेव्हा लक्षणांवर मोठा फरक दिसला नव्हता, पण साधारण सहा वर्षांनी त्यातली बरीचशी मुलं परत तपासली तर तीव्र लक्षणांच्या गटात पॅक्ट मिळालेली ४६ टक्के आणि न मिळालेली ६३ टक्के. म्हणजे जादू नाहीच, पण आईने बाजूला बसून चाक फिरवणं हा टाइमपासही नाही.

सात सेशनची दोन झाली, एक स्पीच थेरपीचं, एक ओटीचं (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून), आणि पंधरा दिवसांनी एकदा मी. बाबांनी सगळ्या सेंटरना तीन प्रश्न विचारले: पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचंय, ते साधलं हे आम्हाला कसं कळेल, आणि आम्ही आत बसू शकतो का. एका ठिकाणी आत बसायला साफ नाही म्हणाले, दुसऱ्या दिवसापासून तिथे जाणं बंद. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. आठवड्याला चाळीस तास थेरपी हवीच असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, तो आकडा लोवास ह्या मानसशास्त्रज्ञांच्या १९८७ च्या अभ्यासातून आलाय, त्यात तेवढी थेरपी मिळालेल्या गटात एकोणीस मुलं होती आणि त्या काळच्या पद्धतीत शिक्षाही होत्या. तीन वर्षांच्या पोराला चाळीस तास म्हणजे पूर्णवेळ नोकरी झाली की.

एका गोष्टीवरून आमची वादावादी झाली. बाबांनी कुठेतरी डीटॉक्स का काहीतरी करायला पैसे भरले होते, शरीरातले जड धातू काढतात म्हणे. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. धातू काढायच्या त्या उपचाराने, किलेशनने, २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेलं पाच वर्षांचं मूल दगावलंय. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर मान्यता असलेलं औषध नाही. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही दोन आहेत ती तीव्र चिडचिड, स्वतःला मारून घेणं ह्यासाठी, आणि तीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाबा गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण ते एकटेच होते जे म्हणाले की बरा होईल." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये. पैसे परत मिळाले नाहीत.

सुरक्षिततेचं काम मात्र एका रविवारात उरकलं. दाराला वरच्या बाजूला कडी, कपड्यात आत शिवलेला फोन नंबर, शेजाऱ्यांना सांगून ठेवणं की हा एकटा दिसला तर हाका मारू नका, वळणार नाही, सरळ हात धरा. ही मुलं घरातून निघून जाण्याचं प्रमाण खूप आहे आणि पाण्याची ओढ असते, बुडून जाण्याचा धोका खरा आहे, म्हणून पोहायला शिकवणं मी छंदात धरत नाही.

ताईचं काय? तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिने एकदा मलाच विचारलं, मी त्याला आवडत नाही म्हणून तो बोलत नाही का? आईबाबांना वाटत होतं ती लहान आहे, कळणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी तिला सरळ शब्दांत सांगितलं की त्याचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो, त्याला बोलणं अवघड जातं, तुझं काही चुकलेलं नाही. शिवाय शनिवारची सकाळ फक्त तिची, आई किंवा बाबा एकटे तिच्याबरोबर, ह्यात बदल नाही. आई आणि बाबांचंही आपसात बरंच बिनसलं होतं, त्यात मी पडले नाही, पण आळीपाळीने एक रात्र पूर्ण झोपायचं एवढं त्यांनी ठरवलं आणि पाळलं, भांडणं निम्मी झाली असं आईच म्हणाली.

आजीने रिपोर्ट शेवटपर्यंत मानला नाही. पण ती रोज झोपवताना एकच गाणं म्हणायची आणि वयामुळे म्हणा दम लागायचा म्हणून ओळीच्या शेवटी थांबायची. साधारण आठ महिन्यांनी तिच्या त्या थांबण्यात ह्याने शेवटचा शब्द भरला. मी आईबाबांना ठरवून 'थांबायला' शिकवत होते आणि आजी दम लागल्यामुळे तेच करत होती. आजीचं म्हणणं, बघा, मी सांगतच होते ना बोलेल म्हणून. आम्ही कुणी काही बोललो नाही.

आता तो सव्वाचार वर्षांचा आहे. पंचवीसेक शब्द, त्यातले बरेच ऐकलेलं तसंच परत म्हणणारे, पण त्यालाही अर्थ असतो, 'चला उशीर झाला' म्हणजे त्याच्या भाषेत 'बाहेर जायचंय'. चाळीसएक चित्रं वापरतो. टॉयलेटचं अजून जमत नाही. बालवाडीत रोज दोन तास, त्याआधी आईने बाईंना एक पान लिहून दिलं: काय आवडतं, कशाने बिथरतो, बिथरला तर काय करायचं. वाढदिवस अजूनही झेपत नाहीत, पाहुणे आले तर आतल्या खोलीत जातो आणि त्याला कुणी बाहेर ओढत नाही.

बेलचे सेल अजून ड्रॉवरमध्येच आहेत. फक्त गेल्या महिन्यापासून तो शेजारच्यांची बेल स्वतः दाबतो, एक कान खांद्याला दाबून, दुसऱ्यावर हात ठेवून, आणि खदखदून हसतो. आपण स्वतः वाजवली की चालते, असं दिसतंय. शेजारी वैतागलेत, बाबांनी वहीत नवीन पान काढलंय.